सरकारला परत द्यायची झाडं

आमच्या वन्संनी आयुष्यात कुणाचं बोटभर कापड ठेवून घेतलं नाही. कौतुक म्हणून सांगत नाहीये हं. अशा माणसाबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय ते मला विचारा. शिवायला आलेल्या कापडातून जे उरेल, अगदी तळहाताएवढं का असेना, ते गुंडाळून, चिंधीने बांधून, तयार कपड्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो बाई, टाकून द्या. त्यावर वन्संचं ठरलेलं उत्तर, कापड तुमचं, टाकायचं तर तुम्ही टाका. एकदा पोस्टमन आपली नवी पँट घेऊन सायकलवरून पार चौकापर्यंत पोचला, तर या मागून खाकी तुकडा हलवत धावताहेत. सगळ्या बाजाराला वाटलं, त्याने यांचं काहीतरी पळवलंय.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. घराची रस्त्याकडची खोली त्यांची. टेकडीकडच्या खिडकीला लागून मशीन, बाजूला कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदाचे नमुने आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनही त्या स्पष्ट बोलायच्या. मी रागावले की मला ते जमत नाही, आणि माझं तर तोंड रिकामं असतं. लग्न केलं नाही. का, असं मी नवी असताना एकदा विचारलं होतं. ‘माप जुळलं नाही,’ म्हणाल्या आणि मशीनचं चाक फिरवलं. पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

दुसरी खोड मायेची. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. सगळेच शिंपी थोडी सोडतात. वन्सं इतकी सोडायच्या की पोरगं ज्या गणवेशात शाळेत शिरायचं, त्याच गणवेशात शाळा संपवून बाहेर पडायचं. लग्नानंतर मला पहिला कोट शिवला, त्यात माझ्याबरोबर अजून एक बाई मावली असती. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, माणूस वाढतं गं. त्यांचंच खरं झालं, पण ते मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा सपाट शेत ह्यांना दिलं आणि शेतामागचा टेकडीचा उतार वन्संना. उतार म्हणजे काय, तर मुरूम, दगड आणि गुडघ्याएवढं गवत. कुणी फुकट घेतला नसता. पुढे एक खडीवाला आला. त्याला दगड फोडायला उतार हवा होता आणि यंत्रं उभी करायला आमचं शेत. दोन्ही मिळून घेईन, नाहीतर एकही नको, म्हणाला. आता माझं मन आधीच सांगून टाकते, उगाच कुणी मला साळसूद समजायला नको. मला विकायचं होतं. शहरात मुलाने गच्चीवर आमच्यासाठी खोली बांधली होती. नात बोलायला लागली होती, फोनवर विचारायची, आजी कधी येणार. कॉट कुठल्या भिंतीला लावायची हेसुद्धा मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. शेत विकलं की आम्ही तिथे, आणि वन्संनाही बरोबर नेणार, मशीनसकट. माझ्या मते सगळ्यांचंच भलं होणार होतं.

नेमका तेव्हाच एक कारकून पँट सैल करून घ्यायला आला. पँट वन्संनीच शिवलेली, त्यामुळे सैल करायला भरपूर वाव. बसल्या बसल्या त्याने सरकारची नवी योजना सांगितली. ज्याची पडीक जमीन असेल त्याने तिच्यावर जंगल लावायचं. रोपं सरकारी रोपवाटिकेतून मिळणार, खड्ड्यांना आणि कुंपणाला अनुदान मिळणार. तिसऱ्या वर्षी तपासणी. पुरेशी झाडं उभी असली तर जमीन जंगल म्हणून कायम, दर वर्षी थोडंफार मिळत राहणार आणि तीस वर्षं तिथे कुणाला पहार लावता येणार नाही. झाडं कमी भरली तर योजना रद्द, घेतलेलं अनुदान परत. कारकून पँट घेऊन गेला आणि वन्सं काम टाकून खिडकीतून उताराकडे बघत बसल्या.

जेवताना त्यांनी जाहीर केलं. हे घास हातात धरून बघतच राहिले. ताई, तुझं वय काय, गुडघे काय आणि जंगल कसलं लावतेस, असं सगळं म्हणून झालं. मीही माझं तोंड वाजवून घेतलं. वन्संनी आमचं दोघांचं शेवटपर्यंत ऐकलं, ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, ‘जन्मभर त्या खिडकीत बसले. अख्ख्या गावाला कपडे घातले मी. समोर तो तेवढा बोडका राहिलाय. एकदा त्याच्या अंगावर काहीतरी घालू दे.’

यावर काय बोलणार, कपाळ? हे लगेच मऊ पडले. थोरल्या बहिणीपुढे ह्यांचं नेहमी तेच होतं. शेवटी ठरलं की तपासणीपर्यंत थांबायचं. झाडं पास झाली तर विक्रीचं नाव कुणी काढायचं नाही. नापास झाली तर वन्संनी मुकाट्याने सही करायची. खडीवालाही थांबायला तयार झाला. म्हातारीचं जंगल किती टिकणार, असं तो चहाच्या टपरीवर बोलला म्हणे. वास्तविक तो माझ्याच बाजूचा, पण ते ऐकून मला त्याचा असा राग आला की आठवडाभर त्याच्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

रोपांची गाडी आली. उतरवून घेणाऱ्या माणसाने सांगितलं, दोन पावलांवर एक लावा. वन्संना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गळ्यात टेप अडकवून बस थांब्याजवळच्या जुन्या मोठ्या झाडाकडे गेल्या. आधी खोडाचा घेर घेतला, मग फांद्या कुठवर गेल्यात ते सावलीवरून मोजलं. बसची वाट बघणारे लोक बस सोडून यांच्याकडे बघत होते. घरी येऊन मला म्हणाल्या, सरकारचं माप अंगाला घट्ट आहे. झाड काय एवढंच राहणार आहे का? आणि मग सरकारी मापात त्यांनी स्वतःच्या हिशोबाने माया सोडली. चांगली ऐसपैस सोडली.

त्या दिवसापासून आमच्या घराचं सगळं वेळापत्रक उतारावर गेलं. सकाळी शिवण, दुपारनंतर झाडं. गिऱ्हाइकं माप द्यायला दगडांतून चढून वर जायची. वन्सं हाताची माती पुसून छाती, कंबर, बाही मोजायच्या, आकडे डोक्यात ठेवायच्या आणि परत खुरपं हातात. प्रत्येक रोपाला आधाराची काठी आणि काठीला सैल बांधलेली चिंधी. लांबून बघितलं तर उतारावर कुणीतरी छोटे छोटे रुमाल वाळत घातलेत असं वाटायचं. पहिल्या वर्षी खात्याचे एक साहेब आले, गाडीतूनच कुंपण बघितलं, छान म्हणाले आणि गेले. त्यांनी खाली उतरायची तसदी घेतली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

आता एवढी माया सोडली म्हणजे रोपं उरणारच. जवळजवळ तिसरा हिस्सा उरला. माझ्याकडे काणाडोळा करत वन्संनी ती घरामागे आणून ठेवली, तेलाच्या डब्यांत, रंगाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत, बरोब्बर माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. मी म्हटलं, ही कशाला? तर म्हणे, सरकारची आहेत, तपासणीला येतील तेव्हा परत द्यायची. मी डोक्याला हात लावला, पण मला तरी काय ठाऊक? सरकारला उरलेलं परत दिलेलं आवडत असेल, आपल्याला काय त्यातलं कळतंय!

वन्सं दिवसभर वर. मग त्या डब्यांना पाणी घालायचं कुणी? मीच. प्रेमाबिमाने नाही, डोळ्यांसमोर काही सुकताना बघवत नाही, एवढंच. भांडी विसळलेलं पाणी घालायचे आणि घालता घालता शिव्या मोजायचे. डबे लहान पडायला लागले तेव्हा रंगाच्या दुकानात जाऊन मोठे रिकामे डबे मागून आणले, दुकानदाराच्या नजरेला नजर न देता. दोरी तर मी केव्हाच दुसरीकडे बांधली होती. आणि एकीकडे मुलाला फोनवर सांगत होते, थोडेच दिवस राहिले रे, तपासणी झाली की येतोच.

तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. पोटऱ्यांपर्यंत बूट, पाठीला पिशवी, हातात खुंटी आणि दोरी. या मात्र उतरल्या आणि थेट वर चढल्या. वन्सं बरोबर, आम्ही दोघं मागे. मॅडम एका जागी खुंटी ठोकायच्या, दोरी ताणून गोल फिरायच्या आणि त्या गोलातली झाडं मोजायच्या. मग दुसरीकडे जाऊन पुन्हा तेच. एकही झाड मेलेलं नव्हतं. त्या पानांना हात लावून बघत होत्या, हसत होत्या; इतर ठिकाणी निम्मी जळालेली असतात म्हणाल्या. वन्संची मान ताठ. पण प्रत्येक गोलानंतर मॅडमचं हसू कमी कमी व्हायला लागलं. शेवटी त्यांनी दोरी गुंडाळली.

‘झाडं फार सुंदर आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘पण कमी आहेत.’

‘कमी नाहीत हो, उरली आहेत,’ वन्सं म्हणाल्या. ‘चला, देते.’

आणि त्यांना घरामागे घेऊन आल्या. सगळे डबे भिंतीशी रांगेत मांडलेले. सकाळी त्यांनी प्रत्येकाला एक चिंधी बांधली होती, गिऱ्हाइकाचं कापड बांधतात तशी. मोजून घ्या, म्हणाल्या, आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

मॅडमनी डब्यांकडे बघितलं, मग वन्संकडे, मग उगाचच माझ्याकडे. फार हळू आवाजात त्यांनी समजावून सांगितलं. ही सगळी झाडं उतारावरच लावायची होती. जंगल दाटच लावतात. जवळ जवळ असली की सावलीने गवत मारतात आणि उजेडासाठी एकमेकांच्या चढाओढीने सरळ वर जातात. मोठी झाल्यावर त्यातली कमजोर काढून टाकायची असतात. दोन पावलांचं माप त्यासाठी होतं. वन्सं गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून ऐकत होत्या.

‘म्हणजे माप माझं चुकलं,’ त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मला कितीतरी वर्षांची हौस होती. ऐकलं आणि नको ती हौस असं झालं. मॅडमनाही वाईट वाटलं असावं. जाताना म्हणाल्या, जमिनीत अजून ओल आहे. मी महिनाअखेर पुन्हा येते, तेव्हा जे मातीत उभं असेल ते मोजेन. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही.

म्हणजे आता आम्हाला काही करायची गरजच नव्हती. नुसतं बसून राहिलं की काम झालं. सगळे डबे एवढ्या चढावर नेऊन, तेवढे खड्डे खणून, झाडं लावणं एकट्या वन्संच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. ह्यांनी पेपर उघडला. मी स्वयंपाकघरात गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची वाट दिसते. बघते तर वन्सं एक डबा कमरेवर घेऊन चढताहेत. मोठ्या दगडाशी टेकल्या, श्वास घेतला, पुन्हा निघाल्या. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने खाली आल्या आणि दुसरा डबा उचलला. आम्हाला हाक नाही, तक्रार नाही. ठरल्याप्रमाणे तपासणी आली, त्यांचं माप चुकलं, आता आमच्याकडे मदत मागायचा आपल्याला हक्क नाही, असा त्यांचा हिशोब असणार. मला असा संताप आला! वन्संचा, की तोंड उघडून मागत का नाहीत. ह्यांचा, की पेपरचं एकच पान किती वेळ वाचताहेत. गच्चीवरच्या त्या खोलीचासुद्धा. मी झाकण आपटलं, मागे गेले आणि दोन्ही काखांत दोन डबे घेऊन चढायला लागले.

वाटेत वन्सं भेटल्या. मी म्हटलं, ‘ही माझी आहेत. तुमच्यावर सोडली तर वाटेत पाडाल.’ त्या मला वाट द्यायला बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन वर आले. मदत करायला नव्हे म्हणे. बायकांनी खणलेले वाकडेतिकडे खड्डे ह्यांना खालून बघवत नव्हते. मग ते खणायचे, वन्सं लावायच्या, मी पाणी घालायचे आणि आम्ही तिघं दिवसभर भांडायचो. पोस्टमनही दोनदा येऊन गेला, तीच खाकी पँट घालून. डब्यांत राहून मुळं गोल गोल वळली होती, ती छाटल्याशिवाय झाड लागलं नसतं. वन्सं खाली गेल्या आणि आपली कापडाची मोठी कात्री घेऊन आल्या. त्या कात्रीने एकदा कागद कापला म्हणून माझ्या मुलाने लहानपणी मार खाल्ला होता. त्याच कात्रीने त्यांनी मुळं कापली, मातीसकट, एकामागून एक. मी बघितलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने खाली निघून गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

महिनाअखेर मॅडम आल्या. पुन्हा खुंटी, पुन्हा दोरी. हे तर त्यांच्या मागे मागे ओठ हलवत स्वतःच मोजत होते. सगळं फिरून झाल्यावर मॅडम दगडावर बसल्या, बुटातला खडा काढला आणि म्हणाल्या, भरली. माझा जीव भांड्यात पडला. पडला तेव्हाच कळलं, की माझा जीव कुठे अडकला होता.

‘एक राहिलं,’ मॅडम म्हणाल्या. ‘तीस वर्षांची गोष्ट आहे. तुमच्यानंतर कोण बघणार, ते सांगायला लागेल.’

हे पायाकडे बघायला लागले. वन्संना मूल ना बाळ. आमचा मुलगा शहरात. मी कुणाकडे बघू नये म्हणून समोरच्या झाडाकडे बघत होते, तर वन्संनी माझ्याकडे बोट केलं.

‘ही,’ त्या म्हणाल्या. ‘लावली मी. जगवली हिने.’

मला विचारलं का कुणी? मी काय तरुण आहे? माझी कॉट कुठल्या भिंतीला लावायची ते ठरलेलं आहे, हे सगळं माझ्या अगदी ओठांवर होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडात टाचण्या असल्यासारखी नुसती ‘हूं’ म्हणाले. मॅडमनी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. गच्चीवरची खोली भाड्याने देऊन टाक, म्हटलं, सुट्टीत तुम्हीच या इकडे. त्याला आधी कळेचना. नातीने फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, आजी कधी येणार. फोन ठेवल्यावर मी रडले, खोटं कशाला सांगू. रस्त्याकडच्या खोलीतलं मशीन मध्येच थांबलं, थोडा वेळ थांबून राहिलं आणि मग पुन्हा सुरू झालं.

सकाळी वन्संनी मला बोलावून टेबलाजवळ उभं केलं आणि गळ्यातला टेप काढला. माझं ठेवणीतलं कापड कधीचं पडून होतं ट्रंकेत, ते त्यांनी मागून घेतलं. उतारावर जायला जाड कोट लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, शिवा, पण माया सोडू नका आता. या वयात काय वाढायचंय मला, उलट दर वर्षी आखडतेच आहे. वन्संच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी शब्दन्‌शब्द कळला.

‘तीस वर्षं घालायचाय तो,’ त्या म्हणाल्या.

कोट शिवून आला. घडी नीट, बटणं घट्ट. नेहमीप्रमाणे उरलेल्या कापडाची गुंडाळी शोधली तर ती नव्हती. मी कोट उलटा करून शिवणी बघितल्या. सगळं कापड आतच सोडलं होतं.